सासूबाईंची सोडचिठ्ठी

माझ्या सासूबाई घटस्फोट घेण्यासाठी आमच्याकडे आल्या, तेव्हा मी बाल्कनीत बसून एका कवितेच्या दुसऱ्या ओळीची वाट पाहत होतो. पहिली ओळ चार दिवसांपूर्वीच आली होती आणि मुक्काम लांबल्यामुळे आता जराशी शिळी वाटू लागली होती. सावेडीतल्या आमच्या इमारतीखाली एक रिक्षा थांबली. तिच्यातून आधी तांदळाची पिशवी उतरली, मग छत्री, मग मामी. सासूबाईंना मी मामी म्हणतो आणि सासऱ्यांना मामा. आमच्याकडची ती रीत आहे.

मामांचा पत्ता नव्हता. मी रिक्षाच्या आत वाकून पाहावे तसे बाल्कनीतून वाकून पाहिले. रिक्षा निघून गेली आणि तिच्या जागी फक्त दुपार उरली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मामी राजूरच्या बाजारापलीकडे एकट्या गेल्याचे कुणालाही स्मरत नव्हते, आणि आज त्या अकोले तालुक्यातून दोन एसट्या बदलून नगरला आल्या होत्या.

चहा झाला. मामींनी बशीतला शेवटचा घोट घेतला, बशी पालथी घातली आणि मिक्सर दुरुस्तीला टाकायला सांगावे अशा स्वरात त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमी शिकलेलं मानूस. मला ह्यांच्यापासून कायद्यानं मोकळं व्हायचंय. कायद्यात काय काय सोय हाय, तेवढं बघून द्या."

माझ्या आत काहीतरी प्रचंड आणि निःशब्द कोसळले. बाहेर मात्र केवळ बिस्किट चहात पडले.

राजेश्वरी, माझी पत्नी, मेथी निवडत होती. तिने निवडणे थांबवले नाही. "आप्पांनी हात उगारला का?"

"न्हाई गं. तुझा बाप मुंगीला बी वाट देतो."

"दारू?"

"माळकरी मानूस. काय बोलती?"

"मग?"

मामींनी पदर सारखा केला. "माझा उजवा गुडघा दुखत हुता. डाक्टरनं इचारलं, आजी कुठं दुखतंय? मी तोंड उघडायच्या आत हे म्हनले, डावा. डाक्टरनं डावा तपासला. तीन आठवडे मी डाव्या गुडघ्याला मलम चोळलं."

"अगं, मग सांगायचं ना, उजवा म्हणून!"

"कुनाला? डाक्टर त्यांच्याशी बोलत हुता."

त्यानंतर मामी जे बोलल्या ते मी आजवर त्यांच्या तोंडून ऐकलेल्या एकूण शब्दांपेक्षा अधिक होते. बँकेत साहेबाने विचारले की मामा उत्तर देत. आधारच्या केंद्रावर नाव विचारले की मामा सांगत. साडीच्या दुकानात मामींना हिरवा रंग आवडतो असे मामा सांगत. एकेचाळीस वर्षे त्या हिरवे नेसत होत्या. आणि या साऱ्याची सुरुवात लग्नातच झाली होती. बायकांनी नव्या नवरीला नाव घ्यायचा आग्रह केला, ती लाजली, आणि मामांनी पुढे होऊन तिच्या वतीने उखाण्यात स्वतःचेच नाव घेतले.

"समदे हसले," मामी म्हणाल्या. "मी बी हसले. तवाच हसाय नको हुतं."

मी हादरलो होतो, आणि हादरलेला माणूस बोलू लागतो. "मामी, तुम्हाला नेमके काय वाटत असेल हे मी समजू शकतो," असे म्हणून मी पंधरा मिनिटे त्यांना काय वाटते आहे ते त्यांना समजावून सांगितले. स्त्रीच्या मौनाचा तळ, सहवासातला एकांत, एकाच छपराखाली वाढत जाणारे दोन निरनिराळे अंधार. त्या निमूटपणे ऐकत होत्या. त्या निमूटपणाला मी संमती मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्यात रंगनाथरावांना गाठले. ते दुसऱ्या मजल्यावर राहतात. तहसील कचेरीतून निवृत्त झाले आहेत, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. कौटुंबिक प्रतिष्ठेची बाब असल्याने मी विषय दुरून काढला.

"रंगनाथराव, समजा एखाद्या परिचितास पत्नीपासून विभक्त व्हायचे असेल, तर..."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. खूप वेळ पाहिले. "परिचितास."

"होय. परिचितास."

"असं होय." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. या माणसाने नऊ वर्षांत माझ्या खांद्यावर कधी हात ठेवला नव्हता. पार्किंगवरून बोट मात्र अनेकदा रोखले होते. "सर, त्या परिचिताला म्हणावं, कोर्टाची पायरी चढू नको. पाचशेचा स्टॅम्प, दोन साक्षीदार, वर नोटरी. सोडचिठ्ठी लिहायची, विषय संपला. अशा पन्नास पाहिल्यात मी कचेरीसमोर."

मला ती कल्पना एकदम भावली. कोर्ट म्हणजे खाकी फायली, तारखा, पंख्याची घरघर. सोडचिठ्ठी या शब्दात मात्र किती हळुवारपणा आहे! कुणीतरी कुणाला सोडते आणि तरीही चिठ्ठी लिहिते. मसुदा मीच लिहायचा असे ठरवून मी स्टॅम्प आणायला गेलो.

स्टॅम्पविक्रेता झाडाखाली टेबल टाकून बसला होता. त्याने वही उघडली. "घेणाऱ्याचं नाव?"

येथे मला माझ्या संस्कारांनी घेरले. मामींचे नाव, त्या पापभीरू स्त्रीचे, ज्यांनी कधी चारचौघांत मान वर केली नाही त्यांचे नाव, या धुळीच्या चौकात एका परक्याच्या वहीत लिहायचे? मी माझे नाव सांगितले.

"कशासाठी?"

"विभक्त होण्याबाबत."

पेन क्षणभर थबकले. "दुसरा पक्ष?"

"ते रिकामे ठेवा."

"रिकामं चालत नाही साहेब. समोरच्या पार्टीचं नाव लागतं."

मी विचार केला. सासऱ्यांचे नाव माझ्या नावासमोर विभक्त होण्याबाबत लिहिणे हास्यास्पद झाले असते. कोण्या अन्य स्त्रीचे नाव लिहिणे तर सर्वस्वी अशोभनीय. सभ्य माणसाला अशा वेळी एकच नाव उपलब्ध असते. मी राजेश्वरीचे सांगितले.

त्या टेबलाच्या मागच्या बाकावर रंगनाथरावांचे जुने सहकारी रोज वर्तमानपत्र वाचत बसतात, हे मला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

दुपारी चारपर्यंत आमची इमारत एका मूक, शिस्तबद्ध शोकात बुडाली. तो शोक माझ्यासाठी नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या पुष्पावतीबाई शिऱ्याचे पातेले घेऊन आल्या आणि माझ्या अंगावरून, म्हणजे अगदी मी दारात उभा असताना माझ्या बाजूने, आत गेल्या.

"राजेश्वरी, शिरा खा आधी. रिकाम्या पोटी निर्णय घ्यायचे नाहीत. आणि पोटगी सोडू नकोस बरं! माझ्या नणंदेनं मोठेपणा केला अन् बसली."

"अहो काकू, पण..."

"काही बोलू नकोस. मला सगळं दिसत होतं. सोळा वर्षं त्या बाल्कनीत नेऊन चहा दिलास. दुसरी असती तर बाल्कनीलाच ग्रिल मारून घेतलं असतं. बाहेरून."

मागोमाग रंगनाथराव आले. "वहिनी, साक्षीदार लागला तर मी आहे." नंतर मी शिकवतो त्या कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला. ते सद्गदित होते. रजा हवी तेवढी घ्या, म्हणाले. तासांची व्यवस्था होईल, विद्यार्थ्यांचीही फारशी हरकत दिसत नाही.

मी वाट पाहत होतो. एवढ्या मोठ्या सोसायटीत, चोवीस सदनिकांत, एखादा तरी माणूस येईल आणि म्हणेल, सर, असे करू नका, पुन्हा विचार करा. कुणीही आले नाही. माझ्या विवाहाचा अंत ही जणू नळाला पाणी येण्यासारखी गोष्ट होती: उशीर झाला, पण येणार हे सर्वांना माहीत होते. त्या संध्याकाळी मला प्रथमच समजले, की माणूस एखाद्या इमारतीत राहतो म्हणजे काय. तो चोवीस कुटुंबांच्या संयमात राहतो.

सगळे गेल्यावर राजेश्वरी हसून हसून भिंतीला टेकली. मामीही पदर तोंडाला लावून हसत होत्या. नवऱ्याला सोडायला निघालेली स्त्री इतके हसू शकते याचाही मला धक्काच बसला. राजेश्वरीने डोळे पुसले, माझ्या हातातला स्टॅम्प घेतला, घडी मोडू न देता कपाटातल्या तिच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये ठेवला आणि किल्ली फिरवली.

"तो मामींसाठी आहे," मी म्हणालो.

"नाव तर माझं आहे," ती म्हणाली. "राहू द्या."

यानंतर सूत्रे तिने हाती घेतली आणि आम्ही तिघे ॲडव्होकेट अश्विनी यांच्या कार्यालयात गेलो. पस्तिशीच्या आतबाहेरच्या, मोजके बोलणाऱ्या, समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत पापणी न हलवणाऱ्या बाई. मी माझा मसुदा पुढे केला. दोन पाने होती. आरंभ मला अजूनही आवडतो: 'ज्या अर्थी सूर्यास्ताचा रंग दोघांना एकच दिसेनासा झाला आहे, त्या अर्थी...'

अश्विनीताईंनी दोन्ही पाने शांतपणे वाचली, उलटून मागेही पाहिले. "सर, यात अर्जदाराचं नाव कुठं आहे?"

ते राहून गेले होते.

"असो. नसलं तरी बिघडत नाही, कारण नोटरीसमोर लिहिलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे. लोक असे कागद करतात, दुसरी लग्नं करतात आणि मग माझ्याकडे येतात." त्या मामींकडे वळल्या. "आजी, मार्ग सांगते. एक, दोघांच्या संमतीनं घटस्फोट. त्यासाठी आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्ज केल्यावरही साधारण सहा महिने थांबवतात, आणि आजोबांची सही लागते. दोन, त्यांची तयारी नसेल तर एकतर्फी दावा. पण त्याला कारण लागतं, क्रूरता, त्याग, असं काहीतरी, आणि ते सिद्ध करावं लागतं. तीन, न्यायिक विभक्तता. लग्न कायम राहतं, पण एकत्र राहायचं बंधन उरत नाही. कारण त्यालाही लागतं. आणि दावा लावण्याआधी मध्यस्थी असते. दोघं समोर बसून लेखी समझोता करू शकतात. पोटगीचा आणि राहत्या जागेचा हक्क वेगळा, तो मागता येतो. आता सांगा, त्रास काय आहे?"

"त्रास असा काही नाही," मी म्हणालो. "मामा अत्यंत सज्जन आहेत. प्रश्न अस्तित्वाचा आहे."

"आजी, तुम्ही राहता कुठं?"

"राजूरजवळ," मी म्हणालो. "घर मामांच्या नावावर आहे."

"आजी, तुमचं वय?"

"त्रेसष्ट," मी म्हणालो.

अश्विनीताईंनी पेन खाली ठेवले. "सर, घटस्फोट कुणाला हवाय?"

"यांना."

"मग तुम्ही जरा बाहेर बसता का?"

वकिलाच्या दारात असलेल्या बाकाविषयी कुणीतरी लिहायला हवे. त्यावर बसलेला प्रत्येक माणूस आरोपी दिसतो. राजेश्वरीही माझ्या मागोमाग बाहेर आली. तिला कुणी सांगितले नव्हते, ती आपण होऊन आली. पन्नास मिनिटे आतून मामींचा आवाज येत राहिला. शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता. एका माणसात एवढे बोलणे कुठे साठलेले असते? मला एकाएकी वाटले, की मी सोळा वर्षे ज्यांना जेवताना समोर पाहत आलो, त्या बाईंशी माझी ओळखच नाही.

अश्विनीताईंनी मामांना मध्यस्थीसाठी पत्र पाठवले. मामी आमच्याकडे आल्यापासून नवव्या दिवशी मामा हजर झाले. सूर्यभान हे त्यांचे नाव; आणि खरोखरच आजवर ते दारातून आत आले की घर उजळून निघे, कारण ते प्रत्येक खोलीतला दिवा लावत बोलत फिरत. त्या दिवशी ते उंबऱ्यातच उभे राहिले. पत्र त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून आणले होते.

"जावईबापू, हे काय हाय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि राजेश्वरीने माझ्या पायावर पाय दिला.

"मी हिला कदी कमी केलं का? बोलायचं म्हनाल तर ही बोलायचीच न्हाई. नवी आलती तवा लई बुजायची. कुनी इचारलं की हिच्या डोळ्यात पानी. मंग मीच बोलायचो. हिला कष्ट नगं म्हनून बोलायचो." ते थांबले. "मंग सवय झाली."

स्वयंपाकघरात मामींच्या भाकरी थापण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मामा खाली बसले. ताट राजेश्वरीने वाढले. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि हात धुतला. पाणी प्यायचे विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही सर्व अश्विनीताईंसमोर बसलो. मध्ये टेबल, टेबलावर पाण्याची बाटली आणि कोरा कागद. एकेचाळीस वर्षे त्या टेबलाच्या काठावर होती. थोडा धक्का लागला असता तरी ती खाली गेली असती.

"आजी," अश्विनीताई म्हणाल्या, "मार्ग तुम्हाला माहीत आहेत. काय ठरवलंय?"

"ती म्हनती तडजोड करू," मामा म्हणाले.

"आईला थोडा वेळ हवाय," राजेश्वरी म्हणाली.

"माझ्या मते त्यांचा कल न्यायिक विभक्ततेकडे आहे," मी म्हणालो.

अश्विनीताईंनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिले. एखाद्या बाईने दुधावर आलेल्या तीन माश्यांकडे पाहावे तसे. मग त्या मामींकडे न वळता मामांकडे वळल्या.

"आजोबा, आजींचं राहू द्या. तुम्हाला काय पाहिजे?"

मामांनी लगेच तोंड उघडले. आणि ते उघडेच राहिले. मी तो चेहरा विसरणार नाही. गावच्या सभेत, सोसायटीच्या निवडणुकीत, बाजारात, दवाखान्यात ज्याला शब्द कधी कमी पडला नाही, तो माणूस स्वतःबद्दल विचारलेला पहिला प्रश्न ऐकून जागच्या जागी हरवला. त्यांनी छताकडे पाहिले, बाटलीकडे पाहिले. शेवटी सवयीने बायकोकडे पाहिले.

"सांग की गं," ते हळूच म्हणाले.

मामींना उत्तर ठाऊक होते. खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होते की त्यांना ठाऊक आहे; ते त्यांच्या ओठांपर्यंत आले होते. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"मी न्हाई सांगनार," त्या म्हणाल्या. "तुमचं तुमी सांगा."

मामांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"एकट्याला जेवाय बसवत न्हाई," ते म्हणाले. "नऊ दिस झाले. ताट घेतो अन् उठतो."

राजेश्वरीने माझा हात धरला. किंवा मी तिचा धरला असेल. मामींचे डोळे भरून आले होते, पण आवाज कोरडा होता.

"मंग एकेचाळीस वर्सांत एकदा तरी तसं म्हनायचं," त्या म्हणाल्या. आणि अश्विनीताईंकडे वळून, जणू किराण्याची यादी सांगताहेत अशा सुरात: "बाई, घ्या लिहून. घटस्फोट नगं. ह्यांच्यावर क्रूरतेचा आळ मला घालायचा न्हाई, ते खोटं हुईल. तो समझोता लिहा. राजूरला बाजारपेठेत माझ्या भैनीची खोली हाय, मी तिथं ऱ्हानार. लगीन हाय तसं ऱ्हाऊ द्या. माझ्या औषधाचं, बँकेचं, साडीचं मी बघनार. हे जेवाय येऊ शकत्यात. रोज आले तरी चालंल. पर इचारून यायचं. अन् मी न्हाई म्हनले तर न्हाई."

मामा काहीतरी बोलणार होते. त्यांनी तोंड मिटले. तो मी पाहिलेला मोठा पराक्रम होता.

"मोडलं तर?" अश्विनीताईंनी विचारले.

"मोडलं तर तुमी हाईतच की."

कागद झाला. मामींनी सही केली. अंगठा नव्हे, सही. अक्षरे मोठी, मोकळी होती आणि ओळीच्या थोडी वर चढत गेली होती. मामांनीही केली. त्यांच्या हाताखालचा कागद सरकत होता, म्हणून मी तो धरायला पुढे झालो, आणि मामींनी एका नजरेने मला मागे सारले.

आम्ही खाली रस्त्यावर आलो. ऊन लख्ख होते. मामी पुढे चालल्या होत्या, मामा दोन पावले मागे. रिक्षाच्या थांब्याजवळ मामा थबकले. त्यांनी घसा साफ केला, टोपी सरळ केली आणि इतका वेळ उभे राहिले की एक रिक्षा येऊन, थांबून, कंटाळून निघूनही गेली.

"आज..." ते म्हणाले. "आज जेवाय येऊ का?"

मामींनी त्यांच्याकडे नीट पाहिले. मग त्या म्हणाल्या, "मी आज लेकीच्या घरी हाय. माझं घर न्हाई ते. तिला इचारा."

मामा वळले. आयुष्यात प्रथमच, एखाद्या परक्याच्या दारात उभे राहावे तशा नम्रतेने, त्यांनी स्वतःच्या मुलीला विचारले, "बाई, येऊ का गं?"

माझे अंतःकरण भरून आले. असा क्षण आयुष्यात क्वचित येतो. दोन्ही हात पुढे करून मी म्हणालो, "अहो मामा, हे काय विचारणे झाले? या, अवश्य या! राजेश्वरीला फार आनंद होईल!"

तिघेही माझ्याकडे पाहत राहिले. मामांच्या नजरेत तर चक्क करुणा होती.

"मला विचारलं होतं," राजेश्वरी म्हणाली.